दवाखान्यात दिलेलं रक्त

स्वीडनमध्ये १९७५नंतर जन्मलेल्या जवळपास प्रत्येक माणसाच्या रक्ताचे काही थेंब स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयाकडे जपून ठेवलेले आहेत; २००३च्या सुमारास हा साठा शहराजवळच्या हुडिंगे इथे होता. बाळ दोनेक दिवसांचं झालं की त्याच्या टाचेला सुई टोचतात आणि आलेलं रक्त एका जाड, शोषून घेणाऱ्या कागदावर छापलेल्या लहान वर्तुळांत टिपतात. कागद उघड्यावर वाळू देतात, पाकिटात घालतात आणि प्रयोगशाळेकडे धाडतात. रॉबर्ट गथ्री या अमेरिकी संशोधकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली ती पीकेयू नावाच्या आजारासाठी. या आजारात अन्नातलं एक अमिनो आम्ल शरीरात साठत जातं आणि मेंदूची वाढ खुंटवतं. वेळेवर कळलं तर नुसता आहार सांभाळून मूल धडधाकट वाढतं. इतक्या कमी खर्चात इतकं मोठं दुःख टाळणाऱ्या तपासण्या वैद्यकात फार नाहीत. या तपासणीला डागाचा थोडासाच भाग पुरतो. उरलेला डाग कपाटात राहतो. त्यात त्या माणसाचा अख्खा डीएनए असतो आणि नीट ठेवला तर तो कित्येक दशकं टिकतो.

१० सप्टेंबर २००३ रोजी स्वीडनच्या परराष्ट्रमंत्री अ‍ॅना लिंड स्टॉकहोममधल्या एनके या मोठ्या दुकानात खरेदीला गेल्या असताना एका माणसाने त्यांच्यावर चाकूने वार केले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. मारेकऱ्याने टाकून दिलेल्या वस्तू पोलिसांना सापडल्या, त्यांवरून डीएनए मिळाला. ज्याच्यावर संशय होता तो तरुण स्वीडनमध्येच, १९७५नंतर जन्मलेला होता. पोलिसांनी त्याच्या जन्मवेळचं रक्त मागितलं आणि ते त्यांना मिळालं. अशा साठ्यांविषयीचा नवा कायदा त्याच वर्षी १ जानेवारीला लागू झाला होता. या रक्ताचे उपयोग त्यात नेमून दिलेले होते: रोगनिदान, उपचार, संशोधन अशा स्वरूपाचे. गुन्ह्याचा तपास त्या यादीत नव्हता.

या प्रकरणात निरपराध माणसाला शिक्षा झाली नाही. खुनी सापडला, त्याने कबुली दिली, त्याला जन्मठेप झाली. या विषयाची सुरुवात मी मुद्दाम इथून करतो आहे. सरकारने जनतेच्या डीएनएचा दुरुपयोग केल्याची उदाहरणं पुढे येतीलच, पण दुरुपयोगाबद्दल राग येणं सोपं असतं. अवघड प्रश्न उभा राहतो तो हेतू चांगला असताना, गुन्हा भयंकर असताना, आणि हवी असलेली वस्तू सरकारी कपाटातच पडलेली असताना. अशा वेळी नाही म्हणायला डॉक्टरपाशी कायद्याचं बळ हवं, नुसतं धैर्य पुरत नाही.

सव्वा वर्षाने, २६ डिसेंबर २००४ला, हिंदी महासागरात त्सुनामी आली. थायलंडच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवायला गेलेले पाचशेहून अधिक स्वीडिश नागरिक त्यात दगावले. मृतदेह ओळखता येत नव्हते. हुडिंगेच्या कपाटात त्यांतल्या पुष्कळांचं रक्त होतं. या वेळी स्वीडनच्या संसदेने तातडीने कायद्यात बदल केला आणि ठरावीक मुदतीपुरती, फक्त मृतांची ओळख पटवण्यासाठी, हे डाग वापरायला परवानगी दिली. कपाट तेच, आतलं रक्त तसंच. पण एकदा ते तपासाच्या निकडीपोटी उघडलं आणि एकदा संसदेत चर्चा करून, कारण लिहून, मुदत घालून उघडलं. या दोन वेळांमधला फरक हाच या पुस्तकाचा विषय आहे. आजारासाठी दिलेलं रक्त पोलिसांच्या हाती कधीच जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. ते कधी, कुणाच्या हुकमाने आणि कशासाठी जाईल हे रक्त घेण्याआधी कायद्यात लिहिलेलं असावं, आणि जिचं रक्त घेतलं त्या व्यक्तीला ते ठाऊक असावं, एवढं माझं म्हणणं आहे. पुढच्या प्रकरणांत वैद्यक, कायदा आणि तपास अशा तिन्ही अंगांनी हा विषय येतो. या प्रस्तावनेत मी त्या तिन्हींच्या मधली जागा दाखवणार आहे.

त्यासाठी आधी एक तांत्रिक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण चर्चेत तिथेच गफलत होते. पोलिसांचा डीएनए आणि डॉक्टरांचा डीएनए एकच नसतो. आपल्या डीएनएत काही ठिकाणी अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो हे माणसागणिक बदलतं. पोलिस प्रयोगशाळा अशा ठरावीक जागा मोजते. अमेरिकेत २०१७पासून त्या २० आहेत. प्रत्येक जागी एक आकडा आईकडून आलेला, एक वडिलांकडून. म्हणजे साधारण ४० आकड्यांची ओळ. याला प्रोफाइल म्हणतात. त्यावरून माणूस ओळखता येतो, नातं कळतं, पण त्याला मधुमेह होईल की नाही हे कळत नाही. डॉक्टर किंवा संशोधक मात्र संपूर्ण जीनोम वाचू शकतात. त्यात आजारांचा कल असतो, पूर्वजांचा माग असतो, पुढच्या पिढीला काय जाईल तेही असतं. पोलिसांचे समर्थक म्हणतात की आम्ही फक्त आकडे ठेवतो. ते खरं असतं, पण आकडे ज्यातून काढले तो रक्ताचा किंवा लाळेचा नमुना ठेवला की नष्ट केला, हा खरा प्रश्न आहे. नमुना असेपर्यंत त्यातून काहीही पुन्हा वाचता येतं.

या शास्त्राची पोलिसी कारकीर्द सुरू झाली ती एका निरपराध्याला सोडवून, हे विसरता कामा नये. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना सप्टेंबर १९८४मध्ये डीएनएची ठसेवजा ओळख सापडली. जवळच्याच नारबरो आणि एंडरबी या गावांत १९८३ आणि १९८६ साली पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले होते. एका सतरा वर्षांच्या मुलाने पोलिसांपुढे दुसऱ्या गुन्ह्याची कबुली दिली. जेफ्रीजनी तपासून सांगितलं की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत आणि तो हा मुलगा नव्हे. कबुली खोटी ठरली, मुलगा सुटला. मग पोलिसांनी परिसरातल्या पाच हजारांवर पुरुषांचं रक्त मागितलं. लोकांनी ते आपणहून दिलं. खुनी त्यात सापडला नाही, कारण त्याने आपल्या जागी सहकाऱ्याला पाठवलं होतं. त्या सहकाऱ्याने एका पबमध्ये ही गोष्ट बोलून टाकली, ऐकणाऱ्या बाईने पोलिसांना कळवलं, आणि १९८८मध्ये कॉलिन पिचफोर्कला जन्मठेप झाली. सगळ्या वस्तीचं रक्त गोळा करून जे साधलं नाही ते एका सजग नागरिकामुळे साधलं. डीएनएने शेवटी पुरावा पक्का केला, आणि ते त्याचं योग्य काम होतं.

इंग्लंडने १९९५मध्ये राष्ट्रीय डीएनए साठा सुरू केला. पुढे नियम असा झाला की अटक झाली की नमुना घ्यायचा आणि सुटका झाली तरी ठेवायचा. २००१मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाला दरोड्याच्या प्रयत्नाच्या आरोपावरून पकडलं. तो निर्दोष सुटला. त्याचा नमुना मात्र राहिला. हा मुलगा आणि आणखी एक नागरिक युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. ४ डिसेंबर २००८ला तिथल्या सतरा न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की दोष सिद्ध न झालेल्या माणसाचा डीएनए असा सरसकट, बेमुदत ठेवणं हा त्याच्या खाजगी आयुष्यावरचा घाला आहे. त्यानंतर २०१२मध्ये कायदा बदलला. सतरा लाखांहून अधिक प्रोफाइल पुसली गेली आणि सत्तर लाखांहून अधिक नमुने नष्ट केले गेले. एवढा साठा करूनही परत मागे येता येतं, हे या प्रकरणातून शिकण्यासारखं आहे. सरकारं नेहमी सांगतात की आता माहिती गोळा झालीच आहे. झाली असली तरी ती नष्ट करता येते.

आता ज्यांनी अख्ख्या जनतेलाच पोलिसांच्या साठ्यात घालायचं ठरवलं त्यांच्याकडे वळू. कुवेतमध्ये २६ जून २०१५ला एका मशिदीत आत्मघाती स्फोट झाला, सत्तावीस माणसं गेली. काही दिवसांतच तिथल्या संसदेने कायदा केला की देशातल्या प्रत्येकाने डीएनए द्यायचा: नागरिकाने, तिथे कामाला असलेल्या परदेशी माणसाने आणि पाहुणा म्हणून आलेल्यानेही. नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैद आणि १०,००० दिनारांपर्यंत दंड. आपल्या गोव्या-कोकणातून तिकडे पोटापाण्यासाठी गेलेली हजारो कुटुंबं या कायद्याच्या कक्षेत आली असती. ऑक्टोबर २०१७मध्ये तिथल्याच घटना न्यायालयाने हा कायदा रद्द केला.

चीनमधल्या शिंजियांगमध्ये रद्द करणारं कुणी नव्हतं. तिथे वीगुर मुसलमानांच्या प्रांतात सरकारने ‘सर्वांसाठी आरोग्यतपासणी’ या नावाने मोहीम काढली. लोक तपासणीला गेले, रक्तदाब मोजला गेला, रक्त घेतलं गेलं. २०१७ या एका वर्षात एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाख माणसांची तपासणी झाली, असं सरकारी वृत्तसंस्थेनेच सांगितलं. त्याच सुमारास सरकारी आदेशानुसार १२ ते ६५ वयाच्या रहिवाशांचे डीएनए, रक्तगट, बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा गोळा होत होत्या. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने डिसेंबर २०१७मध्ये हे कागदपत्रांनिशी मांडलं. आपलं रक्त कुठे जाणार हे लोकांना सांगितलं गेलं नव्हतं. डीएनए वाचणारी यंत्रं पुरवणाऱ्या थर्मो फिशर या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०१९मध्ये शिंजियांगमधली विक्री थांबवल्याचं जाहीर केलं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे निवडलेलं साधन. गरीब प्रांतात फुकट आरोग्यतपासणी ही किती मोलाची गोष्ट आहे! तिचाच वापर जाळं म्हणून झाल्यावर त्या प्रांतातली आई पुढच्या वेळी लेकराला घेऊन दवाखान्यात कुठल्या विश्वासाने जाईल?

एक मुद्दा आणखी आहे, आणि तो आइसलंडमधल्या एका मुलीने जगापुढे नेमका ठेवला. त्या देशात डिसेंबर १९९८मध्ये कायदा झाला: सगळ्या जनतेच्या वैद्यकीय नोंदी एका साठ्यात आणायच्या आणि त्या चालवायचा परवाना डीकोड जेनेटिक्स या खाजगी कंपनीला द्यायचा. ज्याला नको असेल त्याने तसं कळवायचं. या मुलीचे वडील वारले होते. तिने कळवलं की माझ्या वडिलांच्या नोंदी यात घालू नका. सरकार म्हणालं, मेलेल्या माणसाच्या वतीने तुम्हाला नकार देता येत नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. २००३मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला: वडिलांच्या आनुवंशिक माहितीवरून मुलीविषयी अनुमान काढता येतं, म्हणून इथे तिचा स्वतःचाच हक्क गुंतलेला आहे. तो सर्वसमावेशक साठा पुढे उभा राहिलाच नाही. अमेरिकेत एप्रिल २०१८मध्ये याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८०च्या दशकांत तेरा खून आणि कित्येक बलात्कार करणारा माणूस चाळीसएक वर्षांनी पकडला गेला, तो दूरच्या नातेवाइकांनी वंशावळ शोधण्यासाठी दिलेल्या डीएनएवरून. त्याने स्वतः कुठेही नमुना दिलेला नव्हता. त्या गुन्हेगाराबद्दल कुणाला कणव वाटायचं कारण नाही. पण एका माणसाची संमती ही भावंडांची, चुलत्यांची आणि अजून न जन्मलेल्या नातवंडांचीही संमती ठरते, हे त्यातून पुरेसं स्पष्ट व्हावं.

हे भारतात आणून पाहिलं की प्रश्न कितीतरी पटींनी मोठा होतो. त्याचं कारण आपली लग्नं. शेकडो वर्षं जातीतल्या जातीत सोयरीक करत आल्यामुळे आपल्याकडच्या समाजांच्या जनुकांत वेगवेगळ्या खुणा गोठून राहिल्या आहेत. वैद्यकाला त्यांचा मोठा उपयोग आहे. आर्यवैश्य समाजात एक जनुकबदल बऱ्याच प्रमाणात आढळतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायला देतात त्या एका औषधाचा असर मिनिटांऐवजी तासन् तास राहतो आणि श्वास बंद पडू शकतो. हे आधी ठाऊक असेल तर भूलतज्ज्ञ दुसरं औषध निवडतो, माणूस वाचतो. केंद्र सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने २०२०पासून देशभरातल्या ऐंशीहून अधिक समाजगटांतल्या सुमारे दहा हजार माणसांचे जीनोम वाचले. ती माहिती जानेवारी २०२५मध्ये फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांसाठी खुली झाली. युरोपीय माणसांवर बेतलेलं वैद्यक आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही, म्हणून हे काम व्हायलाच हवं होतं. नमुने देणाऱ्यांची नावं काढून टाकलेली असतात. पण ज्या देशात आडनावावरून जात कळते आणि जीनोमवरूनही समाजगटाचा बराच अंदाज बांधता येतो, तिथे नाव काढल्याने व्यक्ती झाकली जाते, समाज झाकला जात नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट, पालघर या भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीचं काम बघावं. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन हे तिचं लक्ष्य. आश्रमशाळेत मुलं रांगेने उभी असतात. बोटाला सुई टोचून थोडंसं रक्त द्रावणाच्या नळीत सोडतात. काही मिनिटांनी ती नळी काळ्या रेघा छापलेल्या कार्डासमोर धरतात. रेघा आरपार दिसल्या तर मूल निरोगी, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. त्या पुढच्या तपासणीत मूल रुग्ण आहे की नुसतं वाहक, हे कळतं. ही डीएनएची तपासणी नव्हे, हिमोग्लोबिनची आहे. तरी तिच्यातून कळतं ते जन्माबरोबर आलेलंच: या मुलाच्या आईवडिलांपैकी कुणीतरी वाहक आहे, भावंडंही असू शकतात. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या दलित व मागास समाजांत हा आजार जास्त. वेळेवर कळलं तर हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, आयुष्य वाढतं. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिलं होतं. इतक्या उशिरा का होईना, सरकार रांगेतल्या शेवटच्या मुलापर्यंत पोचतंय याचा मला मनापासून आनंद आहे. आणि म्हणूनच या रक्ताची, या नोंदींची काळजी वाटते. वाहक असल्याचं कळलं म्हणून मुलीचं जमलेलं लग्न मोडल्याच्या तक्रारी या कामातले कार्यकर्ते आजही सांगतात. म्हणजे माहिती शेजाऱ्यापर्यंत गेली तरी आयुष्य विस्कटतं. ती चौकीपर्यंत गेली तर काय होईल याचा विचार आत्ताच करायला हवा.

चौकी हा शब्द मी उगाच वापरत नाही. बोटांच्या ठशांचा इतिहास आपल्याच मातीतला आहे. १८५८मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाच्या करारावर एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. पुढे ठशांचा उपयोग पेन्शनीतली आणि दस्तऐवजांतली फसवणूक रोखायला झाला. १८९७मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं ठसे कार्यालय सुरू झालं. वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीयांचा मोठा वाटा होता. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंद झालेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला, त्या व्यक्तीने गुन्हा केलेला असो वा नसो. त्या जमातीत जन्म झाला एवढं पुरे होतं. करार आणि पेन्शनीसाठी आलेलं साधन अर्धशतकात पारधी, कैकाडी, भामटे यांच्यावर नजर ठेवण्याचं साधन झालं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड लोकांच्या पिढ्या गेल्या. गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरातून १९५२मध्ये गेला, पण चोरी झाली की पोलिस आधी पारध्यांच्या पालावर येतात, ही विमुक्तांच्या चळवळीची तक्रार अजून मिटलेली नाही.

पोलिसांच्या डीएनए साठ्यात कोण जमा होतं? ज्याला अटक होते तो. ज्या समाजातल्या माणसांना संशयावरून पुन्हा पुन्हा उचललं जातं, त्याचीच प्रोफाइलं जास्त साठतात. तो समाज लहान असेल आणि लग्नं आपसातच होत असतील, तर शंभर-दोनशे माणसांच्या नमुन्यांतून नातेवाइकांच्या वाटेने सगळी वस्तीच शोधण्याच्या टप्प्यात येते. मग पुढच्या गुन्ह्यात अर्धवट जुळणी निघते आणि पुन्हा त्याच पालावर गाडी जाते. यात कुणा अधिकाऱ्याचा वाईट हेतू असायची गरज नाही.

आपल्या कायद्याची आजची स्थिती अशी. १९२०चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा जाऊन २०२२चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला. त्यानुसार दोषी, अटक झालेले आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेतले लोक यांचे ठसे, बुबुळाच्या प्रतिमा, जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण घेता येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग या नोंदी ७५ वर्षं ठेवतो. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या आणि स्त्रिया किंवा मुलांविरुद्ध नसलेल्या गुन्ह्यात अटक झालेल्याला जैविक नमुना नाकारता येतो, पण ही सवलत पोलिस ठाण्यात बसवलेल्या किती जणांना माहीत असते? निर्दोष सुटल्यावर नोंद नष्ट करायची तरतूद आहे, तीही न्यायालयाने लेखी कारण देऊन राखायला सांगितलं नाही तर. दुसरीकडे डीएनएचा स्वतंत्र कायदा करायचा प्रयत्न फसला. २०१९मध्ये मांडलेलं विधेयक संसदीय समितीकडे गेलं. फेब्रुवारी २०२१च्या अहवालात आणि त्याला जोडलेल्या भिन्नमतांत जात-धर्मावरून गैरवापर होण्याची भीती स्पष्ट लिहिली गेली. जुलै २०२३मध्ये सरकारने विधेयक मागे घेतलं. म्हणजे प्रयोगशाळांवर, नमुन्यांच्या साठवणीवर देखरेख करणारी डीएनएपुरती वैधानिक यंत्रणा नाही, आणि नमुने घेण्याचा अधिकार मात्र आहे. जून २०२५मध्ये अहमदाबादच्या विमान अपघातानंतर नातेवाइकांनी सिव्हिल हॉस्पिटलात रक्त दिलं आणि त्यावरून जळालेल्या मृतदेहांची ओळख पटली. मुंबई-ठाण्यातल्या काही घरांनाही त्यामुळेच आपला माणूस परत मिळाला. हे डीएनएचं सर्वांत मायेचं काम. पण अशा वेळी दिलेल्या रक्ताचं नंतर काय करायचं, हे सांगणारा खास कायदा आपल्याकडे नाही.

आणि दवाखान्यातल्या नमुन्यांचं काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४नुसार ठाणे अंमलदाराला तपासासाठी लागणारा कोणताही दस्तऐवज किंवा वस्तू लेखी हुकमाने मागवता येते. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने गुन्ह्याच्या तपासासाठी केलेल्या वापराला बहुतेक बंधनांतून सूट दिली आहे. दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या की सिकलसेलच्या नळीला किंवा नवजात बाळाच्या रक्ताच्या कागदाला खास असं संरक्षण कुठेही सापडत नाही. हुडिंगेच्या रुग्णालयापाशी निदान वापराची यादी तरी होती.

एस्टोनियाने असं संरक्षण सुरुवातीलाच कायद्यात लिहिलं. त्या छोट्या देशाने डिसेंबर २०००मध्ये मानवी जनुक संशोधनाचा कायदा केला आणि मगच लोकांकडे रक्त मागितलं. दिवाणी वा फौजदारी खटल्यासाठी पुरावा म्हणून किंवा पाळत ठेवण्यासाठी या जनुक साठ्याचा वापर करायला त्यात सरळ मनाई आहे. आज दोन लाखांहून अधिक माणसं, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या जवळपास एक पंचमांश, त्या साठ्यात आपणहून सामील आहेत. कायदा कडक असल्याने संशोधन अडलं नाही. मला तर वाटतं, त्यामुळेच लोक पुढे आले.

कुणी म्हणेल, ती बाल्टिक किनाऱ्यावरची गोष्ट, आपल्याकडे पोलिसांचे हात असे बांधून कसं चालेल? पण आपल्याच कायदेमंडळाने ते पूर्वी केलेलं आहे. १९४८च्या जनगणना कायद्याचं कलम १५ पाहावं. प्रगणकाने घरी येऊन लिहून घेतलेली नोंद कुणालाही तपासायला मागता येत नाही आणि, त्या कायद्याखालचे गुन्हे सोडले तर, ती कोणत्याही दिवाणी वा फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. हे कलम होतं म्हणून लोक प्रगणकाला घरची खरी माहिती देत आले. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातही रुग्णाची माहिती, काही अपवाद वगळता, त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. एचआयव्हीच्या बाबतीत हे का करावं लागलं ते आरोग्य खात्यातल्या माणसांना पक्कं ठाऊक आहे: भीती बसली की माणसं तपासणीला येत नाहीत आणि रोग पसरत राहतो.

डीएनएचं विधेयक आज ना उद्या नव्या नावाने पुन्हा संसदेत येईल. त्यात प्रयोगशाळांच्या मान्यतेविषयी, शिक्षांविषयी, मंडळाच्या रचनेविषयी बरंच काही असेल. गडचिरोली, नंदुरबार आणि पालघरच्या खासदारांना माझी विनंती आहे की त्यांनी आधी एकच जागा शोधावी: आरोग्यतपासणीत किंवा संशोधनासाठी घेतलेला नमुना आणि त्याची नोंद न्यायालयाच्या लेखी आदेशाशिवाय पोलिसांना देता येणार नाही, आणि पुरावा म्हणून चालणार नाही, असं कुठे लिहिलं आहे का. नसेल तर १९४८चं कलम १५ समोर ठेवून त्याच धर्तीवरची दुरुस्ती मांडावी. मजकूर तयारच आहे, जनगणनेच्या जागी रक्त लिहायचं आहे.